पिशवीवाला पोऱ्या

वाचकहो, गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. लांबच लांब हिरवे गवत, पांढरी टोपी घातलेले कोणी साहेब काठी उगारून उभे, आणि त्यांच्यामागे दहा पावलांवर काठ्यांची जड पिशवी खांद्याला अडकवलेला एक पोऱ्या. आपण पाहतो ते साहेबांकडे. आज मी तुम्हांला त्या पोऱ्याकडे पाहायला सांगणार आहे. लहान मुलांना गोल्फ कसे शिकवावे, या प्रश्नाचे इतिहासाने दिलेले अर्धेअधिक उत्तर त्याच्यापाशी आहे.

आता तुम्ही म्हणाल, जव्हारच्या मास्तराला गोल्फशी काय करायचंय? इथे ना ते गवत, ना ते साहेब. खरे आहे. जव्हारला गोल्फचे मैदान नाही, मोखाड्याला तर नाहीच नाही. इथून मोखाडा, त्र्यंबक करीत नाशकात शिरलात, तर तिथे एका प्रशस्त मैदानाला लोक अजून ‘गोल्फ क्लब’ म्हणतात. रिक्षावालाही तेच नाव घेतो. पण त्या मैदानावर आज क्रिकेट चालते, रणजी सामने झाले आहेत, सकाळ-संध्याकाळ माणसे फिरायला येतात. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ च्या डिसेंबरात याच गावात, विजयानंद नाट्यगृहात, कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणारे ते कान्हेरे. साहेबांचा खेळ गेला, साहेबावर गोळी झाडणाऱ्याचे नाव मैदानाला लागले, आणि बोलण्यात मात्र खेळाचेच नाव उरले. इतिहासाला असल्या थट्टा करायची सवयच आहे.

तर मूळ मुद्द्याकडे येऊ. काठीने चेंडू मारून तो खळग्यात घालायचा, ही कल्पना कोणा एका देशाची मिरास नाही. चीनमध्ये ‘छ्वेवान’ नावाचा असाच खेळ होता आणि त्याच्या नियमांचा ग्रंथ १२८२ सालचा आहे. हॉलंडात ‘कोल्फ’ होता. त्यांच्या भाषेत कोल्फ म्हणजे काठी. आपल्याकडे विटी दांडूने उडवतात तेव्हा आपण म्हणतो, विटी ‘कोलली’. कोल्फ आणि कोलणे! कान टवकारावेत असे साम्य आहे, पण तो निव्वळ योगायोग समजावा. नाहीतर उद्या कोणीतरी छातीठोकपणे सांगेल की गोल्फ आमचाच. स्कॉटलंडमध्ये मात्र या खेळाला आजचे रूप आले. १४५७ साली तिथल्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडू मारत बसत. बंदी घालावी लागते ती लोकांना आवडणाऱ्या गोष्टीवर, तेव्हा १४५७ पर्यंत हा खेळ चांगलाच रुजला होता असे समजायला हरकत नाही. सेंट अँड्रयूज गावची सुप्रसिद्ध मंडळी १७५४ साली एकत्र आली, १७६४ साली तिथले मैदान अठरा खळग्यांचे झाले, आणि पुढे जगाने तोच आकडा धरला.

याच स्कॉटलंडात ‘कॅडी’ हा शब्द खेळाला चिकटला. मूळ शब्द फ्रेंच ‘कॅदे’, म्हणजे घराण्यातला धाकटा मुलगा, सैन्यात उमेदवारी करणारा. एडिंबरो शहरात निरोप पोचवणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसांना कॅडी म्हणू लागले, आणि तिथून तो शब्द मैदानावर काठ्या वाहणाऱ्याला लागला. सरदारपुत्रासाठीचा शब्द हमालापर्यंत उतरला, असे म्हणा हवे तर.

इंग्रजांनी हा खेळ हिंदुस्थानात आणला तो फार लवकर. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा, आज चालू असलेल्या क्लबांतला तो सर्वांत जुना. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. तो टिकला नाही. पुढे १९१८ साली गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाने मुंबईत जो क्लब सुरू झाला, त्यात हिंदी माणसांनाही प्रवेश होता. तोवर मुंबईच्या बड्या क्लबांतून हिंदी माणूस दिसायचा तो ट्रे घेऊन. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान १९२७ चे. पुण्याचे मैदान येरवड्याच्या बाजूला. ही सगळी मैदाने गावाच्या कडेला, मोकळ्या माळावर वसली. पुढे गावे वाढत वाढत त्यांच्या कुंपणाला येऊन भिडली.

आणि कुंपणापलीकडची पोरे कुंपणाच्या आत कामाला गेली.

हे काम दोन प्रकारचे. एक पिशवी उचलण्याचे. दुसरे पुढे जाऊन उभे राहण्याचे. साहेबांचा चेंडू कुठे पडला, झुडपात गेला की ओढ्यात, ते पाहून ठेवायचे. या दुसऱ्या पोराला आपल्या हिंदुस्थानी मैदानांवर ‘आगेवाला’ म्हणतात. इंग्रजांच्या खेळात हा एक अस्सल देशी हुद्दा आहे. आता विचार करा, दहा-बारा वर्षांचे पोर रोज चार-चार तास या कामावर आहे. ते पाहते काय? चांगला टोला कसा बसतो, वाईट कसा बसतो, साहेब चुकले म्हणजे कुठे चुकले, वारा कोणीकडून आहे, उतार कुठे आहे. असल्या शंभर गोष्टी ते पाहते आणि त्यांतली एकही त्याला कोणी समजावून सांगितलेली नसते. शाळेत ज्याला आपण पाठ म्हणतो, तो इथे नाही. पण आपल्याकडे सुताराचा मुलगा रंधा कसा शिकतो? कुंभाराचा मुलगा चाकावर हात कसा धरतो? बाप काम करतो, मुलगा जवळ बसतो. तीच ही पद्धत. फरक एवढाच की कुंभाराच्या मुलाला चाक मिळते. कॅडीच्या पोराला काठी फक्त पुसायला मिळायची.

अनेक क्लबांत एक रिवाज होता आणि काही ठिकाणी अजून आहे. सोमवारी मैदान सभासदांना बंद. त्या दिवशी कॅडींनी खेळावे. आठवड्यातले सहा दिवस पाहायचे आणि सातव्या दिवशी करून पाहायचे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातसुद्धा इतकी चोख योजना सापडणार नाही, आणि ही तर कोणी योजली नव्हती.

सोमवारचीही वाट ज्यांना पाहवली नाही, त्यांनी दुसरा मार्ग काढला. चेंबूरच्या मैदानालगतच्या झोपडपट्टीत कॅडी मुलांनी लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या, प्लॅस्टिकचा चेंडू घेतला, आणि दोन घरांमधल्या बोळातून गोल्फ सुरू केले. पत्र्याची छपरे, गटारे, वाळत घातलेली धुणी हेच त्यांचे अडथळे. या खेळाची छायाचित्रे परदेशी मासिकांत छापून आली, तेव्हा लोकांना मोठी मौज वाटली. मला त्यात मौजेपेक्षा दुसरेच काही दिसते. हात-दीड हात रुंदीच्या बोळात ज्याला चेंडू सरळ न्यायचा आहे, त्याला दोन चुका परवडत नाहीत. हळू, आखूड आणि नेमका टोला मारणे हे या खेळातले सर्वांत अवघड काम. ती पोरे तेच रोज घोटत होती.

कलकत्त्याच्या शिवशंकर प्रसाद चौरसियाची गोष्ट पाहा. जन्म १९७८ चा. वडील त्याच जुन्या कलकत्ता क्लबात गवताची निगा राखणारे. मुलगा मैदानाच्या आवारात वाढला, दहाएक वर्षांचा असताना पिशवी उचलू लागला, पाहून पाहून शिकला. २००८ साली दिल्लीला झालेली इंडियन मास्टर्स स्पर्धा त्याने जिंकली. तिच्यात युरोपातले नामांकित खेळाडू उतरले होते. जोरदार लांब टोल्यांसाठी त्याचे नाव नाही. त्याचे नाव आहे ते खळग्याजवळच्या बारीक कामासाठी. इतके, की ‘चिप’ आणि ‘पट’ हे त्या बारीक कामाचे दोन इंग्रजी शब्द त्याच्या आडनावात गुंफून सोबत्यांनी त्याला टोपणनाव दिले, ‘चिपपटसिया’.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बन शहरी पापवा सेवगोलम नावाचा हिंदी वंशाचा मुलगा होता. गरिबीमुळे शाळा नाही, लिहिणे-वाचणे नाही. झाडाची काठी तोडून चेंडू मारायचा आणि पुढे गोऱ्यांच्या मैदानावर पिशवी उचलायची. उजव्या हाताने खेळणारा माणूस काठी धरतो तेव्हा डावा हात वर आणि उजवा हात खाली असतो. पापवाचे नेमके उलटे. उजवा वर, डावा खाली. कोणी मास्तर असता तर त्याने पहिल्या दिवशीच ती पकड सोडवली असती. मास्तरच नव्हता, म्हणून ती राहिली. एका गोऱ्या कारखानदाराने त्याचा खेळ पाहिला आणि १९५९ साली त्याला युरोपात नेले. त्या उलट्या पकडीने पापवाने १९५९ ची डच ओपन जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, १९६४ ला तिसऱ्यांदा. ज्या देशात काठीला कोल्फ म्हणत, तिथे डर्बनच्या या कॅडीने तीनदा बाजी मारली.

आणि स्वतःच्या देशात? १९६३ साली नाताळ ओपन ही डर्बनची स्पर्धा त्याने जिंकली. वर्णभेदाचा कायदा होता. क्लबच्या इमारतीत काळ्या-सावळ्या माणसाला पाऊल ठेवायची बंदी. गोरे खेळाडू आत, आणि विजेता बाहेर पावसात उभा. तिथेच त्याच्या हाती चषक दिला गेला. त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि दक्षिण आफ्रिकेवरच्या क्रीडा-बहिष्काराला त्याने बळ दिले. १९६५ साली त्याच स्पर्धेत त्याने गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्याला हरवले. त्यानंतर सरकारने त्याला मैदानांवर खेळायलाच मना केले. १९७८ साली तो वारला, गरिबीतच.

या गोष्टीतून दोन निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पहिला, की मास्तर नकोच. मुले आपोआप शिकतात. हा निष्कर्ष मला मान्य नाही. एक पापवा निघाला. पिशव्या उचलून पाठी वाकलेल्या आणि कुठेच न पोचलेल्या पोरांची मोजदाद कोणी ठेवली? दुसरा निष्कर्ष मात्र पटतो. मुलाच्या हाताला जे आपसूक जमते, ते मोडण्यापूर्वी मास्तराने जरा थांबून पाहावे.

अमेरिकेतली एक हकीकत थोडक्यात सांगून टाकतो. १९१३ साली तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत फ्रान्सिस विमेट नावाच्या वीस वर्षांच्या पोराने इंग्लंडच्या हॅरी वार्डन आणि टेड रे या बलाढ्य जोडीला हरवले. विमेटचे घर त्या मैदानाच्या समोर, रस्त्यापलीकडे. लहानपणी तो तिथेच कॅडी होता. आणि त्या दिवशी त्याची पिशवी कोणाच्या खांद्यावर होती? दहा वर्षांच्या एडी लॉवरीच्या. पिशवी त्याच्यापेक्षा फार लहान नव्हती!

दुसरी एक परंपरा आहे, ती बापाने शिकवण्याची. टायगर वूड्स दोन वर्षांचा असताना, १९७८ साली, त्याच्या वडिलांनी त्याला टेलिव्हिजनवर आणले आणि त्या चिमुरड्याने तिथे चेंडू मारून दाखवला. आपल्याकडे अनिर्बान लाहिरी. जन्म पुण्याचा, १९८७ चा. वडील लष्करात डॉक्टर. लष्कराच्या छावणीत गोल्फचे मैदान बहुधा असतेच. आठ वर्षांच्या मुलाला वडिलांनी काठी धरायला शिकवली. २०१५ साली दिल्लीला इंडियन ओपनच्या अखेरीस दोन खेळाडूंची बरोबरी झाली आणि निर्णायक खेळ त्या दोघांत झाला: डॉक्टरांचा मुलगा लाहिरी आणि गवत राखणाऱ्याचा मुलगा चौरसिया. त्या वर्षी लाहिरी जिंकला. पुढच्या वर्षी, त्याच मैदानावर, चौरसिया जिंकला आणि लाहिरी मागे राहिला. त्याच २०१६ साली दोघे मिळून रिओच्या ऑलिंपिकला गेले. बापाने शिकवलेला आणि पाहून शिकलेला यांत सरस कोण, याचा निकाल मला तरी या आकड्यांतून लागत नाही. मात्र एक गोष्ट दोघांना सारखीच मिळाली होती. मैदान उंबऱ्याबाहेर होते.

बंगळूरची अदिती अशोक पाच वर्षांची असताना आई-बापांबरोबर न्याहारीला ज्या ठिकाणी जाई, तिथून गोल्फचे मैदान दिसे. कुतूहल वाटले, म्हणून खाली उतरून खळग्यात चेंडू ढकलायला लागली. तिने सुरुवात केली ती तिथून. रिओला तिची पिशवी वडिलांनी उचलली. २०२१ साली झालेल्या तोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तिच्या आईने. तिथे ती चौथी आली, पदक अगदी थोडक्यात हुकले, पण खळग्याजवळचा तिचा खेळ पाहून जाणकार थक्क झाले. पोऱ्याच्या खांद्यावरची पिशवी आईच्या खांद्यावर आलेली मला त्या चित्रात दिसते.

तर शिकवायचे कसे? अमेरिकेत ऑस्टिन गावी हार्वी पेनिक नावाचे एक मास्तर होऊन गेले. आठव्या वर्षी तेही कॅडी म्हणूनच मैदानावर आले. ‘लिटल रेड बुक’ हे त्यांचे पुस्तक १९९२ साली निघाले आणि त्याने खपाचे उच्चांक केले. त्यांचे सांगणे असे, की मुलाला खळग्यापाशी उभे करा आणि तिथून मागे मागे न्या. म्हणजे आधी वीतभर अंतरावरून चेंडू आत ढकलायचा. मग दोन हात, मग चार. मग गवताच्या कडेवरून हलकेच उचलून टाकायचा. आणि मोठा टोला सर्वांत शेवटी. आपण करतो नेमके उलटे. मुलाच्या हाती काठी दिली की सांगतो, मार जोरात! ते मारते, चेंडू जागचा हलत नाही, मातीचे ढेकूळ उडते, आणि पोरगे काठी टाकून निघून जाते.

या सांगण्यामागे हिशेब आहे. अठरा खळग्यांच्या ठरीव मैदानावर चांगल्या खेळाडूने बहात्तर टोल्यांत खेळ संपवावा असे धरतात. त्यांतले प्रत्येक खळग्याला दोन, म्हणजे छत्तीस टोले, फक्त ढकलण्याचे. निम्मा खेळ ताकदीचा नाहीच! सहा वर्षांचे मूल साठ वर्षांच्या माणसाशी इथे बरोबरी करू शकते. सेंट अँड्रयूजच्या बायकांनी हे फार पूर्वी ओळखले. १८६७ साली त्यांनी आपला क्लब काढला. बाईने काठी खांद्याच्या वर नेणे त्या काळी असभ्य समजत, म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त ढकलण्याचा खेळ आला. त्यांची ती उंचसखल हिरवळ आजही आहे. तिला म्हणतात ‘हिमालय’. थोडे पैसे भरून कोणीही तिथे खेळू शकतो आणि आई-बापांचे बोट धरून आलेली मुले तिथेच पहिल्यांदा काठी हातात घेतात.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, पण चुकू नयेत. मोठ्या माणसाची काठी कापून मुलाला देऊ नये. लांबी कमी होते, पण टोकाचे वजन तेवढेच राहते आणि कोवळे मनगट लचकते. हलकी काठी द्यावी. बोटे एकमेकांत अडकवण्याची पकड मोठ्यांची. लहान पंजाला दहाही बोटे काठीवर राहिली तर बरे. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुष्कळ. आणि पहिला नियम, सगळ्या नियमांच्या आधीचा: दुसरा काठी उगारत असेल तेव्हा त्याच्यापासून चार-पाच हात लांब. विटीदांडूत कपाळावर खोक पडलेल्या माणसांना हे सांगावे लागणार नाही.

विटीदांडूचा विषय निघालाच आहे, तर जव्हारकडे वळतो. आमच्याकडच्या पाड्यांवर गोल्फ कोणी पाहिलेला नाही. पण त्याचे दोन्ही भाग मुलांच्या हातात आहेत, फक्त वेगवेगळ्या खेळांत. टोला विटीदांडूत आहे आणि खळगा गोट्यांत. विटीच्या टोकावर दांडू आपटून ती उडवायची आणि हवेतच टोलवायची, हे गोल्फपेक्षा सोपे नाही, बरं का. गोल्फचा चेंडू निदान जागेवर पडून तुमची वाट तरी पाहतो. नंतर दांडूने अंतर मोजायचे. वकट, लेंड, मूंड, नाल अशी ती मोजणी. हे आकडे कुठून आले? तेलुगूतले एक, दोन, तीन, चार म्हणून पाहा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मराठी पोरे आंध्रातले आकडे म्हणत विटी मोजतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. खेळ सीमा मानीत नाहीत, आणि शब्दही त्यांच्यामागून विनापरवाना जातात.

गोट्यांचे तर काय सांगावे! जमीन निरखायची, बोटाने कचरा बाजूला करायचा, उतार बघायचा, आणि गोटी गलीत घालायची. जगातला सर्वांत श्रीमंत गोल्फ-खेळाडू खळग्यापाशी गुडघ्यावर बसून हेच करतो.

मग जव्हारला गोल्फचे मैदान व्हावे असे मी म्हणतो का? मुळीच नाही. अठरा खळग्यांचे मैदान म्हणजे शंभर-दीडशे एकर जमीन आणि तिला बारा महिने पाणी. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात जव्हार संस्थानच्या मूळ पुरुषाची कथा आहे. बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन त्याने इथल्या वारली राजाकडे मागितली. राजा हो म्हणाला. मग त्याने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या, आणि त्या वेढ्यात सारा मुलूख घेतला. ट्यूनिसच्या किनाऱ्यावर कार्थेज नगरी वसवणाऱ्या राणी डायडोबद्दलही हीच कथा सांगतात. मुकण्यांचे ते राज्य १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले, २०१४ साली आम्ही पालघर जिल्ह्यात आलो. कातड्याच्या वाद्या अजून निघतात; आता त्यांना प्रकल्प म्हणतात. वैतरणेचे पाणी आमच्या अंगणावरून मुंबईच्या नळांना जाते, मध्य वैतरणेचे धरण मोखाडा तालुक्यातच आहे, आणि चैत्र-वैशाखात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर फिरतात. तेव्हा हिरवळीची गोष्ट सोडा.

पण हिरवळच हवी असे कुठे आहे? इंग्रजांच्या काळात कोरड्या मुलखातल्या छावण्यांवर गवत टिकत नसे. मग खळग्याभोवती वाळू पसरून तिला तेल पाजीत आणि ती दाबून सपाट करीत. ‘ग्रीन’च्या ऐवजी तिला ‘ब्राउन’ म्हणत. आमच्याकडे दर सुगीला प्रत्येक शेतकरी असा एक ब्राउन तयार करतो. त्याला म्हणतात खळे. माती ओली करून, चोपून, शेणाने सारवून केलेली ती जमीन इतकी गुळगुळीत असते की तिच्यावर गोटी सुटली तर कडेला जाऊनच थांबते. मधोमध एक वाटीएवढा खळगा पाडला, बांबूच्या बुंध्याची बाकदार काठी केली, रबरी चेंडू आणला, की पेनिक मास्तरांचा पहिला धडा द्यायला आणखी काही लागत नाही. खर्च चेंडूचा. दुसऱ्या धड्यासाठी बांधापलीकडे उभे राहायचे आणि चेंडू अलगद उचलून खळ्यावर टाकायचा. तिसऱ्यासाठी भात कापून झालेले रान. मोठ्या टोल्याला इथे शंभर एकरांचे कुंपण लागत नाही, कारण कापणीनंतर सगळा माळ मोकळाच असतो.

अडचण आहे ती दिवसांची. नागली, वरई, भात झोडून होईपर्यंत खळे माणसांच्या कामाचे. पोरांना ते मोकळे मिळते दिवाळीच्या आगेमागे. आणि दिवाळी आटोपली की भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांचे ट्रक पाड्यांवर येऊ लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी माणसे आणि शाळेत नाव असलेली मुले त्यांत चढतात, ती पावसाळ्याच्या तोंडालाच परत येतात. तिथे आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात काठी नसते, ओल्या विटा असतात. तेव्हा ज्या मास्तराला हा खेळ शिकवून पाहायचा असेल त्याने चेंडू दसऱ्यालाच आणून ठेवावेत. खळे सारवल्यापासून ट्रक येईपर्यंत त्याला पंधरा दिवस मिळतील, फार तर वीस.